सीताफळाचं गोत्र

वाल्मीकींच्या अरण्यकांडात पंचवटीचं वर्णन येतं, तेव्हा कवी झाडांची जवळजवळ मोजदादच करतो. साल, ताल, तमाल, खजूर, फणस, आंबा, अशोक, चाफा, केवडा, चंदन, शमी, पळस. जवळून गोदावरी वाहते आहे, मोर ओरडताहेत, पलीकडे डोंगर आहेत. या यादीत सीताफळ नाही. ते नसणारच, कारण वनस्पतिशास्त्राचं सर्वसाधारण मत असं आहे की सीताफळाचं आणि रामफळाचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आणि कॅरिबियन बेटांवर आहे. तरीही भाद्रपद सरत आला की नाशिकच्या पंचवटीत, सीतागुंफेच्या आणि काळारामाच्या परिसरात, हे फळ सीतेच्या नावाने विकलं जातं, आणि होळी-रामनवमीच्या सुमाराला त्याचं भावंड रामाच्या नावाने. ज्या गावात रामाचा वनवास घडला असं मानलं जातं, त्याच गावात रामाच्या काळी इथे नसलेलं फळ रामायणातलं पात्र होऊन बसलं आहे. कुणाला यात गंमत वाटेल, कुणाला फसवणूक, कुणाला परंपरेचा पराभव. मला त्यात एक तात्त्विक प्रश्न दिसतो, आणि तो वरवर दिसतो तेवढा हलका नाही: एखादी वस्तू पवित्र ठरते ती तिच्या मुळामुळे, की तिला आपलं म्हणण्याच्या कृतीमुळे? माझं उत्तर दुसऱ्या बाजूचं आहे. पावित्र्याला वंशावळ लागत नाही, लागतो तो स्वीकार. हे एकदा मान्य केलं की त्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती मोजायला नाशिकइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आधी या झाडाच्या नावांकडे पाहू, कारण पुरावा तिथेच आहे. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू या भाषांत ते सीतेचं फळ आहे. हिंदीत मात्र ते शरीफा, म्हणजे थोरामोठ्यांचं, खानदानी. दिल्लीकडे भाजीवाल्याकडे सीताफळ मागितलं तर तो लाल भोपळा कापून देतो. आणि हा भोपळाही मूळचा अमेरिकेचाच, हे विशेष. म्हणजे एकाच खंडातून आलेल्या दोन वेगळ्या पाहुण्यांना देशाच्या दोन भागांनी, एकमेकांना न विचारता, सीतेच्याच नावाने ठेवून घेतलं. बंगालीत सीताफळाला ‘आता’ म्हणतात. फिलिपिन्समध्ये ते अतिस आहे, आणि हे शब्द मेक्सिकोतल्या अहाते या नावाच्या नात्यातले मानले जातात. मेक्सिकोचं आकापुल्को आणि फिलिपिन्सचं मनिला यांच्यामध्ये १५६५ पासून अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्यांच्या पोटात चांदीबरोबर बियाही होत्या. ब्राझीलमध्ये या फळाला उमरावाचं फळ असं नाव पडलं. तैवानमध्ये त्याचं नाव शिजिया, म्हणजे शाक्य, शाक्यमुनी. फळावरचे उंचवटे बुद्धमूर्तीच्या डोक्यावरच्या कुरळ्या केसांच्या गाठींसारखे दिसतात, म्हणून. एक फळ, आणि त्याला कुठे जनकाची लेक, कुठे सरदार, कुठे प्रत्यक्ष तथागत. शास्त्रीय नाव तरी निर्धर्मी असेल असं वाटतं, पण तेही नाही. कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या अनोन या शब्दावरून लिनियसने १७५३ साली अ‍ॅनोना असं लॅटिन रूप रूढ केलं, आणि रोमन लोकांच्या लेखी अ‍ॅनोना म्हणजे वर्षाचं धान्य, तसंच त्या धान्याची देवता. इकडे सीता म्हणजे नांगराच्या फाळाने जमिनीत पडलेली तास, वेदकाळापासून शेताची देवता. हा योगायोग आहे, त्यावर काहीही उभारू नये; पण स्वीडनमधल्या ज्या पंडिताला जगातल्या साऱ्या वनस्पतींची कोरडी नोंदवही करायची होती, त्याच्याही हातून पाहुण्याला देवीचंच नाव दिलं गेलं, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घेणारे बहुधा तावातावाने घेतात. सीताफळ परकं आहे हेच मुळी खोटं, ते म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७९ साली भारहूतच्या स्तूपावर पुस्तक लिहिलं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या त्या शिल्पांत, तसंच मथुरेच्या शिल्पांत, त्याला सीताफळ ओळखू आलं होतं. अलीकडे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा इथे उत्खननात सापडलेलं जळकं बी सीताफळाचं असल्याचा आणि ते कोलंबसाच्या कितीतरी आधीचं असल्याचा दावा पुरातत्त्व-वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००९ साली मांडला. हे दावे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण दगडात कोरलेलं खवल्यांचं गोल फळ फणसही असू शकतं, कमळाचं बोंडही असू शकतं. शिल्पकार काही ओळखपट्टी लावून जात नाही. बियांचा पुरावा अधिक वजनदार, पण एका ठिकाणच्या बियांवरून झाड देशभर होतं असं म्हणता येत नाही, आणि मधल्या एवढ्या शतकांत एवढ्या ठळक फळाचा ठसा वाङ्मयात उमटू नये हेही चमत्कारिकच. तरी वादासाठी समजू की उद्या निर्विवाद पुरावा मिळाला आणि फळ इथलंच ठरलं. त्याने काय सिद्ध होईल? फळ जुनं होतं एवढंच. त्याला सीतेचं नाव कधी आणि का मिळालं, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहील. आणि माझी हरकत त्याहून खोलवर आहे. हा आक्षेप घेणारा मनातून असं धरून चालतो की फळ परदेशी ठरलं तर सीतेचं नाव खोटं पडेल. म्हणजे त्याच्या लेखी श्रद्धा ही सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी आहे. मूळ मालकाचं नाव सापडलं नाही की हक्क गेला. गंमत अशी की परंपरेची टिंगल करणाराही नेमकं हेच गृहीत धरतो. तो म्हणतो, फळ पोर्तुगिजांनी आणलं, म्हणून तुमचं सीताफळ थापेबाजी. दोघे एकाच कचेरीत उभे आहेत, फक्त खिडक्या वेगळ्या. स्वतः पंचवटीचं उदाहरण घ्या. रामाची पर्णकुटी इथे नव्हे, तर गोदावरीच्याच काठी खाली तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाळेत होती, असं तिकडचे लोक श्रद्धेने सांगतात. पण ऐतिहासिक निकाल लागेपर्यंत नाशिकच्या रामकुंडावर कुणी अस्थिविसर्जन थांबवलेलं नाही.

मग या फळालाच हे नाव का मिळालं? अननस, काजू, पपई हीही तिकडूनच आलेली. पण त्यांची नावं आपण तोडकीमोडकी का होईना, त्यांच्याच मुलखातली ठेवली. मला याचं उत्तर झाडाच्या वागण्यात सापडतं. अननसाला बाग लागते, पपईला पाणी लागतं. सीताफळ बागेतून निसटलं आणि डोंगराला लागलं. बीडकडच्या बालाघाटच्या रांगांवर, दौलताबादच्या उतारांवर, पुरंदरच्या माळांवर मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत ते आपोआप उगवतं. उन्हाळ्यात पानं झाडून उघडंबोडकं उभं राहतं, पहिल्या पावसावर पालवतं, फुलतं. त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही, त्यामुळे जिथे बाकी सगळं चरून साफ होतं तिथेही ते शिल्लक राहतं. कुणी लावलं नाही, कुणी राखलं नाही, तरी गोड. ज्या लोकांच्या मनात वनवास म्हटला की सीता उभी राहते, त्यांना रानात टाकून दिलेल्या, राखणीवाचून निभावलेल्या या झाडाला दुसरं कोणतं नाव सुचणार होतं? फळही कसं निघतं ते पाहावं. ते झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. खवल्याखवल्यांमधली फट रुंदावते, तिथला हिरवा रंग उतरून पिवळसर पांढरा दिसू लागतो. याला डोळे उघडले म्हणतात. डोळे उघडले की तोडायचं आणि पाल्यात ठेवायचं. दोन-तीन दिवसांत ते इतकं मऊ होतं की बोटाच्या दाबाने फुटतं, आणि आत प्रत्येक पाकळीत गुळगुळीत काळं बी. हेच बी वाटून केसांना लावलं तर उवा मरतात, आणि तेच डोळ्यात गेलं तर डोळा जायची वेळ येते. रामफळाची कातडी तुलनेने गुळगुळीत, तांबूस, गर रवाळ, आणि हंगाम चैत्राच्या तोंडाशी. सीताफळ दसरा-दिवाळीला, रामफळ रामनवमीला. नाव देणाऱ्यांनी पोथी उघडली नव्हती, त्यांनी कॅलेंडर आणि डोंगर पाहिला. हा माझा तर्क आहे. पण नावामागे सांगितल्या जाणाऱ्या कथांपेक्षा तो मला अधिक पटतो, कारण कथा नावानंतरही रचता येतात.

हे एकट्यादुकट्या फळाचं कौतुक असतं तर त्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहा. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा, रताळं, हिरवी मिरची तिकडची. राजगिऱ्याच्या ज्या जातींचे लाडू आपण करतो त्यांचंही मूळ तिकडेच सांगतात. आणि हजारो वर्षं या भूमीत पिकलेले तांदूळ आणि गहू एकादशीला वर्ज्य. अस्सल देशी अन्नाला बाहेर ठेवून विलायती अन्नाने आपण देहशुद्धी करतो, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. मराठीत या व्यवहारासाठी एक साधा, पण मोठा अर्थगर्भ प्रयोग आहे: ‘चालतं’. उपवासाला हे चालतं, ते चालत नाही. या निर्णयामागे धर्मशास्त्राचा ग्रंथ क्वचितच असतो. असते घरातल्या बायकांची पिढ्यांची संमती. यावर शंका घेता येईल की ही उदारता नसून पळवाट आहे. शास्त्राने धान्य वर्ज्य सांगितलं, बटाट्याचं नाव शास्त्रात नव्हतं, म्हणून तो दाराच्या फटीतून आत शिरला, इतकंच. पण मग टोमॅटो का शिरला नाही? तोही अमेरिकेचा, तोही शास्त्राला अपरिचित. तरी बहुतेक घरांत उपवासाला टोमॅटो चालत नाही. कोबी, फ्लॉवर चालत नाहीत. म्हणजे केवळ फट पाहून आत येणं नव्हे. आत घेणारं कुणीतरी निवड करत होतं. निकष काटेकोर नव्हते, घराघरांत फरक होते, पण निवड होती. आणि जिथे निवड आहे तिथे जबाबदारीही असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता अधिक कठीण आक्षेप. नाव ही केवळ सोय आहे, असं कुणी म्हणेल. बाजारात ओळखायला एक शब्द लागतो, त्यातून तत्त्वज्ञान काढणं म्हणजे सशाला शिंगं लावणं. हा आक्षेप आपल्याकडे नवा नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, असं नैयायिक म्हणत. तो उपजत, नित्य आहे, असं मीमांसक म्हणत. वरवर पाहता मीमांसकांच्या घरात सीताफळासारख्या उपऱ्या नावाला जागा नसावी. पण वेदाच्या शब्दाशब्दाचं पावित्र्य राखणाऱ्या याच मीमांसकांनी एक विलक्षण निवाडा दिलेला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रश्न येतो: वेदात पिक, नेम, सत, तामरस असे काही शब्द आहेत, जे आर्यांच्या वापरात नाहीत पण म्लेच्छांच्या वापरात आहेत. त्यांचा अर्थ कसा लावायचा? व्याकरणाच्या जोरावर धातू शोधून ओढूनताणून लावायचा, की म्लेच्छ ज्या अर्थाने वापरतात तोच घ्यायचा? शबरस्वामींचा निर्वाळा असा की म्लेच्छांचाच अर्थ घ्यावा. पिक म्हणजे कोकीळ हे ते सांगतात तर तेच खरं. पक्षी पकडण्या-पाळण्यात ते आपल्यापेक्षा वाकबगार आहेत. हा निवाडा वाचून मी दरवेळी थबकतो. जो ग्रंथ अपौरुषेय, ज्याला कर्ताच नाही असं मानायचं, त्याच्या पोटात परक्याचा शब्द आहे, हे मान्य करायला त्यांना संकोच वाटला नाही, आणि त्या शब्दापुरतं परक्याला प्रमाण मानायलाही वाटला नाही. त्यांच्या लेखी पावित्र्य शब्द कुठून आला यात नव्हतं, तो कुठे बसला आहे यात होतं. भक्तिमार्ग तर याच्याही पुढे गेला. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरताना त्याने मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण होतं, आणि तेवढ्यावर तो तरला. हाक देवाला नव्हती, तरी नाव पोचलं. हा हिशेब खरा धरला, तर दसऱ्याच्या आधी रस्त्यावरून ओरडत जाणाऱ्या फळवाल्याच्या खात्यावर बरंच पुण्य जमा होत असलं पाहिजे. विनोद बाजूला ठेवला तरी तत्त्व उरतंच: नाव ही नुसती चिठ्ठी नाही, ज्याला नाव दिलं त्याच्याशी नातं जोडण्याची ती कृती आहे.

पण नाव देणं ही नेहमीच आपुलकीची कृती असते का? नसते. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचं नाव ‘कमलम’ करण्याचं ठरवलं. तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी सांगितलेलं कारण असं की ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो आणि फळाचा आकार कमळासारखा आहे. हे फळही मुळात अमेरिकेतल्या निवडुंगाचं, चीनशी त्याचा संबंध नावापुरताच. फळाला संस्कृत नाव दिलं म्हणून माझी तक्रार नाही. सीताफळाला तरी दुसरं काय दिलं? फरक दिशेचा आहे. सीताफळाचं नाव कुणाला तरी आत घेण्यासाठी पडलं, कमलमचं नाव कुणाला तरी बाहेर काढण्यासाठी काढलं. पहिलं कुणी दिलं ते कुणालाच ठाऊक नाही, दुसऱ्याची तारीख आणि सही आहे. आणि महाराष्ट्रातले बागाईतदार अजून सरळ ड्रॅगन फ्रूटच म्हणतात, मग ते कितीही देवभोळे असोत. स्वीकाराने पावित्र्य येतं असं म्हणताना मला हा भेद मनात ठेवावा लागतो. नामकरणाची प्रक्रिया अजून चालू आहे, हे मात्र खरं. याच कुळातलं काटेरी, मोठं, आंबटगोड फळ बाजारात येऊ लागल्यावर त्याला कुणी मामफळ म्हणालं, कुणी लक्ष्मणफळ, कुणी हनुमानफळ. आणि लक्ष्मणफळ नेमकं कोणतं व हनुमानफळ कोणतं, यावर विक्रेत्यांचंही एकमत नाही. दुर्दैवाने ते कर्करोगावरचं औषध म्हणूनही खपवलं जातं, ज्याला माणसावरच्या चाचण्यांचा भरवशाचा आधार नाही. देवाचं नाव लावून लबाडीही करता येते, आणि माझा सिद्धांत तिला अडवू शकत नाही.

यापेक्षा मोठं संकट माझ्या सिद्धांतापुढे काळारामाच्या दारात उभं आहे. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं हे मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष शिस्तीने चालत मंदिराशी आले, आणि मंदिराची दारं बंद झाली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह कधी तीव्र, कधी मंद असा १९३५ पर्यंत चालला, आणि दार उघडलं नाही. मार्च म्हणजे रामफळाचा हंगाम. अमेरिकेतून आलेल्या फळाने रामाचं नाव धारण करायला हरकत नव्हती, नैवेद्याच्या ताटात जाताना त्याचं गोत्र कुणी विचारलं नसतं. पण ज्यांचे पूर्वज याच मातीत राबले, जे रामाचंच नाव घेत दाराशी आले, ते चालत नव्हते. तेव्हा प्रश्न असा: जी परंपरा फळाला आत घेते आणि माणसाला बाहेर ठेवते, तिच्या स्वीकारशक्तीचे गोडवे गायचे कशाला?

यावर सोपं उत्तर असं देता येईल की तो परंपरेचा दोष नव्हता, काही लोकांचा होता. मला हे उत्तर घ्यायचं नाही. ज्यांनी नाव दिलं तेही ‘काही लोक’च होते, श्रेय परंपरेचं आणि दोष माणसांचा, असा हिशेब चालत नाही. माझं म्हणणं उलट आहे. सीताफळाचा दाखला आरोप सौम्य करत नाही, तो वाढवतो. दारं बंद करणाऱ्यांचा मुख्य बचाव ‘हे पूर्वापार असंच आहे, आम्ही बदलणारे कोण’ हा होता. परंपरा म्हणजे गोठलेली गोष्ट, तिच्यात नव्याला जागा करता येत नाही, हे त्यात गृहीत होतं. पण तीच मंडळी घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात होती. दसऱ्याला मेक्सिकोचा झेंडू दाराला लावत होती. परकं आपलं करण्याची कला त्यांना येत नव्हती असं नाही. ती रोजच्या सरावातली होती. मीमांसकांचा निवाडा त्यांच्याच शास्त्रांत होता. म्हणजे १९३० साली जे घडलं ती असमर्थता नव्हती, ती निवड होती, टोमॅटो नको म्हणण्यासारखी, फक्त इथे नको म्हटलेली माणसं होती. मुळावर पावित्र्य ठरतं असं मानणाऱ्याला निदान सोवळ्याची सबब सांगता येते. स्वीकाराने पावित्र्य येतं हे एकदा कबूल केलं की ती सबबही उरत नाही.

तरी एक टोचणी राहते. फळाला आत घेणं स्वस्त असतं. फळ काही मागत नाही. पंगतीत मानाचं पान मागत नाही, पूजेचा अधिकार मागत नाही, जमिनीत वाटा मागत नाही. त्याला सीता म्हणा की शाक्यमुनी, ते खाल्लंच जाणार आहे. अशा पाहुण्याला दिलेल्या नावात औदार्य किती आणि नुसती हौस किती? आणि माणसांच्या बाबतीत नाव मिळालं तरी पुरतं असंही नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांकडे नाव जन्मभर होतं. त्यांच्या इतकं नाव घेतलेली माणसं त्या काळच्या पंढरपुरात थोडी असतील. तरी ते महाद्वाराबाहेर राहिले आणि त्यांची समाधीही बाहेरच आहे. त्या दारातून त्यांच्या माणसांना आत जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. अजामिळाला चुकून घेतलेलं नाव पुरलं, चोखोबांना जाणून घेतलेलं पुरलं नाही. तेव्हा माझ्या सिद्धांताला एक दुरुस्ती हवी: स्वीकार म्हणजे केवळ नाव देणं नव्हे, ज्याला नाव दिलं त्याला आपल्यावर काही हक्क देणं. सीताफळाच्या बाबतीत हा हक्काचा भाग आलाच नाही, म्हणून सगळं इतक्या सहज पार पडलं.

बाबासाहेबांना हे फार आधी उमगलं होतं असं दिसतं. मार्च १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं की मंदिरप्रवेशाची चळवळ त्यांनी आपल्या लोकांना मूर्तिपूजक बनवण्यासाठी किंवा प्रवेशाने ते समान होतील म्हणून सुरू केली नव्हती; त्यांना जागं करण्याचा तो मार्ग होता. म्हणजे दारापलीकडचं नाव त्यांना हवंच होतं असं नाही, हक्क हवा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याच्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं त्यांनी जाहीर केलं, आणि वादाची बाजूच पालटली. तोवर प्रश्न होता, तुम्ही आम्हाला आत घेणार का. आता झाला, आम्ही तुमच्याकडे का यावं. स्वीकारावर पावित्र्य उभं आहे असं म्हणणारा मी इतका वेळ फक्त यजमानाच्या बाजूने बोललो, हे इथे ध्यानात येतं. दिलेलं नाव नाकारण्याची सोय सीताफळाला नव्हती. येवल्याला जमलेल्या माणसांना ती होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्यांच्यापैकी अनेकांनी ती वापरली.